दोघं असाल तर या

एकट्या माणसाला जेवायला वाढत नाहीत असं हॉटेल मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते कोरियात.

तर झालं असं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या कामानं तीन आठवडे चांगवॉनला होतो. चांगवॉन म्हणजे दक्षिण कोरियाच्या पार खालच्या टोकाला, १९७० च्या दशकात कारखान्यांसाठी आखून वसवलेलं शहर. सोलहून वेगवान गाडीनं साधारण तीन तास. मधून फूटपट्टी ठेवून मारल्यासारखा एक सरळसोट रस्ता जातो. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला माणसं. पिंपरी-चिंचवडमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला फारसं परकं वाटू नये असं गाव. फरक एवढाच की हॉर्न ऐकू येत नाहीत आणि पाट्यांवरचं एक अक्षर वाचता येत नाही.

पहिल्या रविवारी दुपारी नुसताच भटकायला निघालो होतो. थंडी होती, भूक लागली होती. एका हॉटेलच्या काचेतून आत पाहिलं तर प्रत्येक टेबलाच्या मधोमध शेगडी, शेगडीवर एक पसरट भांडं, भांड्यात काहीतरी लालभडक रटरटतंय आणि भोवती चार-पाच माणसं माना पुढे काढून बसलेली. शेकोटीभोवती बसतात ना, तशी. काचांवर आतून वाफ धरलेली. मी दार ढकलून आत गेलो.

आतल्या बाईंनी हसून काहीतरी विचारलं. मी एक बोट वर केलं. त्यांनी दोन बोटं वर केली. मला वाटलं दोन नंबरच्या टेबलावर बसा म्हणताहेत. मी मान डोलावली. त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. कुणीच येत नव्हतं. त्यांनी पुन्हा दोन बोटं दाखवली आणि मग दोन्ही हातांची फुली केली.

फोनवर भाषांतर केल्यावर कळलं की दोन माणसांच्या खाली हे जेवण मांडतच नाहीत. भांडं मोठं, शेगडी मोठी, टेबल अडकून राहणार. एकट्यासाठी परवडत नाही. मी फोनवर लिहिलं, 'दोघांचे पैसे देतो.' त्यांनी ते वाचलं, बाहेर थांबलेल्या एका कुटुंबाकडे हात केला आणि ओशाळं हसून मान हलवली. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. ऐन जेवणाची वेळ होती.

मग काय, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला त्रिकोणी भात घेतला आणि तिथल्याच काचेपाशी उभं राहून खाल्ला. शेजारी आणखी दोघं तसेच उभे होते. एकेकटे. कोरियात आता साधारण तिनातलं एक घर एकट्या माणसाचं आहे. एकट्यानं जेवणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे नवा शब्दही रुळलाय, 'होनबाप'. भाताला ते 'बाप' म्हणतात, आणि जेवणालाही. (हे कळल्यावर पुढचे दोन दिवस मी एकटाच हसत होतो. 'बाप खाल्लास का?' हा तिथला अगदी साधा चौकशीचा प्रश्न आहे!)

राग नाही आला मला. पण लागलं. एवढ्याशा गोष्टीचं एवढं का लागावं, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

आता कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही त्यांना ॲल्युमिनियमचे ओतीव पार्ट पुरवतो. त्यातल्या एका लॉटमध्ये पोरोसिटी निघाली होती. म्हणजे ओतताना धातूच्या पोटात हवा अडकून बारीक बारीक पोकळ्या राहतात. वरून पार्ट चकचकीत दिसतो. दाबाखाली तपासला की गळतो. आमचं म्हणणं, गळतीचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत आहे. त्यांचं म्हणणं, मर्यादा तुम्ही चुकीची वाचलीत. यावर दोन आठवडे मीटिंगा चालल्या होत्या.

समोर असायचे बुजांगनिम. 'बुजांग' म्हणजे विभागप्रमुख आणि 'निम' म्हणजे आपलं 'साहेब'. नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, पदानंच. साठीला आलेला, बुटका, तुरळक केसांचा माणूस. आवाज मात्र प्रेसशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाचा. एकदा त्यांनी आमचा पार्ट टेबलावर असा आपटला की चहाचे कागदी कप उडाले. मीही काही गप्प बसणारा नाही. आमच्या दोघांमध्ये दुभाषा होता तिथलाच एक तरुण इंजिनिअर. तो दोन वर्षं चाकणला राहून गेलेला. त्याचं इंग्रजी ठीकठाक होतं आणि त्यात मधूनच 'बास बास', 'चला', 'एकच मिनिट' असे शब्द यायचे. मी मनातल्या मनात त्याचं नाव चाकणकर ठेवलं होतं. बुजांगनिम दोन मिनिटं गरजायचे आणि चाकणकर त्याचं भाषांतर करायचा, "साहेब जरा नाराज आहेत."

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी असाच कडाका उडाला. निर्णय सोमवारवर गेला. मी लॅपटॉप बंद करत होतो तेवढ्यात बुजांगनिम दारातून परत आले आणि चाकणकरला काहीतरी म्हणाले. तो मला म्हणाला, "साहेब विचारताहेत, इथं आल्यापासून जॉन्गोल खाल्लं का?"

मी म्हटलं, "गेलो होतो. एकट्याला देत नाहीत म्हणाले."

चाकणकरनं ते सांगितल्यावर बुजांगनिमनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि एकच वाक्य बोलले. "चला. तिघं आहोत."

खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. ज्या माणसाबरोबर दुपारभर वाजलंय त्याच्यासमोर बसून जेवायचं? आमच्या घरात असं नसतं. आमच्या घरात भांडण झालं की पहिल्यांदा जेवण बंद होतं. पण नाही म्हणायला कारण सुचेना.

चालत निघालो. वाटेत एका पाटीवर भांड्याचं चित्र होतं आणि त्यात चक्क सॉसेज आणि मॅगीसारख्या शेवया. चाकणकर म्हणाला, "ही बुदे जिगे. बुदे म्हणजे लष्कराची तुकडी." १९५० ते ५३ च्या कोरियन युद्धानंतर अन्नाचे हाल होते. अमेरिकन छावण्यांतून बाहेर येणारं डबाबंद मांस आणि सॉसेज तिखट रश्शात टाकून लोकांनी हा प्रकार केला, आणि उजंगबूसारख्या छावण्यांच्या गावांत तो नावारूपाला आला. आता चवीनं खातात. माझ्या खाण्याची पथ्यं बुजांगनिमना आधीच कळलेली असणार, कारण त्या पाटीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी मासे, कोंबडी खातो, बीफ-पोर्क नाही. ते मला मशरूम खालगुक्सूच्या हॉटेलात घेऊन गेले. 'खाल' म्हणजे सुरी, 'गुक्सू' म्हणजे शेवया. पीठ लाटून, घडी घालून सुरीनं कापलेल्या. आपल्या वरणफळांच्या दूरच्या नात्यातल्या म्हणा ना. स्वयंपाकघरात शिजवून रटरटत आणतात ती जिगे आणि जेवणाऱ्यांच्या समोर शिजवतात ते जॉन्गोल, असा ढोबळ फरक चाकणकरनं सांगितला. आमचा प्रकार जॉन्गोलच्याच घराण्यातला.

दारात बूट काढले. आत बुटकी टेबलं, जमिनीवर पातळ उशा. मी मांडी घालून बसलो आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा शरीर सैल पडलं. जमीन कोमट होती. याला ओन्दोल म्हणतात. पूर्वी स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि ऊब जमिनीखालच्या पोकळीतून फिरवून पलीकडे धुराड्यातून सोडायचे. आता गरम पाण्याचे पाइप असतात. म्हणजे चूल एका खोलीत आणि तिची ऊब सगळ्या घराला. आजीला हे आवडलं असतं.

टेबलाच्या बाजूला खण होता. त्यात चमचे आणि स्टीलच्या चपट्या काड्या. बाई येऊन गळ्यात बांधायला एप्रन देऊन गेल्या. रस्सा उडतो म्हणून. पन्नाशीकडे झुकलेले तीन इंजिनिअर, छे, अडीच, चाकणकर तिशीचाच होता, लाळेरं बांधून बसलेले. दुपारी याच माणसानं टेबलावर पार्ट आपटला होता यावर विश्वास बसेना.

मग भांडं आलं. परातीपेक्षा लहान, पसरट, उथळ. लाल रस्सा. त्यात बटाट्याच्या चकत्या, हातानं फाडलेले धिंगरी मशरूम आणि वर हिरव्या पाल्याचा हा एवढा ढीग. पाला मिनारी. ओढ्याकाठी, पाणथळ जागी येतो. (याच नावाचा सिनेमा आला होता, त्यातल्या आजीच्या भूमिकेसाठी यून य-जंग यांना २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं.) वास कोथिंबीर आणि ओव्याच्या पानाच्या मधला काहीतरी. मांस वेगळं मागवतात. आम्ही मागवलं नाही. रस्सा छोट्या सुक्या माशांचा आणि समुद्री शेवाळाच्या जाड पट्ट्यांचा. पहिल्या वाफेबरोबर तो सुक्या मासळीचा वास आला आणि मग त्यावर तिखटाचा.

शेगडी पेटली. आणि मग काहीच नाही. नुसतं बसायचं.

हा भाग मला कुणी आधी सांगितला नव्हता. हॉटेलात गेलं की आपण मागवतो आणि वाट बघतो, पण ती वाट बघणं म्हणजे फोन बघणं असतं. इथं शिजणारं समोर असतं. तिघंही त्या भांड्याकडे बघत बसतात. कुणीतरी पाला खाली दाबतो, कुणीतरी ज्योत कमी करतो. बोलायलाच हवं असं काही नसतं, आणि गप्प बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. दोन आठवड्यांत आम्ही दोघं एकमेकांसमोर न ओरडता बसलो होतो ती ही पहिली दहा मिनिटं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून पार्टचा विषय काढला. बुजांगनिमनी मान न उचलता उत्तर दिलं. चाकणकर म्हणाला, "साहेब म्हणतात, पार्ट सोमवारी. आत्ता जेवण."

उकळी आल्यावर बुजांगनिमनी डावानं स्वतः वाढलं. आधी मला, पाहुणा म्हणून. मग चाकणकरला. पण त्यांनी स्वतः चमचा उचलेपर्यंत चाकणकर हलला नाही. सगळ्यात मोठ्यानं सुरुवात केल्याशिवाय धाकट्यानं खायचं नाही, हा नियम. मिनारी कच्चट-कुरकुरीत, मशरूम मऊ, आणि सोया सॉसमध्ये कालवलेल्या हिरव्या झणक्यात बुडवून खाल्लं की नाकातून थेट डोक्यात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बुजांगनिम खूश झाले. काड्यांवरून माझा बटाटा तिसऱ्यांदा निसटला तेव्हा त्यांनी खणातून चमचा काढून पुढे केला. एक शब्द न बोलता.

मी चाकणकरला विचारलं, तुमच्याकडे पहिल्यापासून असंच का? एका भांड्याभोवती? मला वाटलं होतं 'हजारो वर्षांची परंपरा' वगैरे ऐकायला मिळेल. बुजांगनिम हसले. म्हणाले, "माझे आजोबा एकटे जेवायचे." जुन्या वळणाच्या घरांत कर्त्या पुरुषाला वेगळं छोटं टेबल असायचं, 'सोबान' म्हणतात. प्रत्येकाचं आपलं आपलं. नातवंडं दुसरीकडे, आणि बायका सगळ्यांच्या मागून स्वयंपाकघरात. आजोबांच्या टेबलावर काय उरतंय याकडे त्यांचं लक्ष असायचं म्हणे. हे एका भांड्याभोवती बसणं घराघरांत रुळलं ते पुढे.

मला माझ्या आजोबांचा पाट आठवला. तोही वेगळा, भिंतीशी. त्यांचं होईपर्यंत स्वयंपाकघरात कुणी आवाज करायचा नाही. आणि आई कधी जेवायची ते मला खरंच आठवत नाही. म्हणजे एकत्र बसून जेवणं हे काही आपोआप आलेलं नाही. तिथंही नाही, आपल्याकडेही नाही. कुणीतरी उठून पाट जवळ ओढावा लागतो.

मशरूम संपले तसे बाईंनी शेवया आणून त्याच रश्श्यात सोडल्या. पीठ सुटून रस्सा दाटला, आणखी गोडसर झाला. ते संपलं. मला वाटलं झालं जेवण. मी एप्रन सोडायला लागलो तर चाकणकर म्हणाला, "एकच मिनिट! बाप राहिलाय."

बाईंनी उरलेला रस्सा एका वाडग्यात काढला. तळाला जेमतेम ओलावा ठेवला. त्यात भात, अंडं, बारीक चिरलेली मिनारी आणि गाजर घालून भराभर परतलं, मग तो भात भांड्याच्या तळावर पोळीसारखा पातळ थापला, ज्योत बारीक केली आणि निघून गेल्या. पुन्हा बसायचं. थोड्या वेळानं तळातून बारीक तडतड ऐकू यायला लागली.

हा आवाज मला ओळखीचा होता.

बुजांगनिमनी चमचा घेतला आणि थेट भांड्यात घातला. चाकणकरनंही. आतापर्यंत डाव होता, प्रत्येकाचा वाडगा वेगळा होता. २०२० च्या साथीनंतर तिथंही लोक याबाबतीत सांभाळून असतात. पण या भाताला कुणी वाडगा वापरेना. तिघांचे तीन चमचे एकाच भांड्यात. माझा हात क्षणभर थांबला. लहानपणी आजीनं कानीकपाळी ओरडून शिकवलेलं, उष्टा चमचा भांड्यात घालायचा नाही. उष्टं, खरकटं, सगळं वेगळं वेगळं. पण तळाला बुजांगनिम चमच्याच्या कडेनं खरवडत होते, आणि तो खर्र खर्र आवाज...

खरवड.

आमच्या घरी मसालेभात झाला की तळाची खरवड ही माझी आणि दादाची. त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी आई पातेलं जमिनीवर ठेवायची, कालथ्यानं तळाला मधोमध एक रेघ ओढायची आणि म्हणायची, "हे तुझं, हे तुझं. आता आवाज नको." मग आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून पातेल्यात. चमच्याला चमचा लागायचा. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, हात भराभर चालायचा. तरी रेघेपाशी आला की थांबायचा. आम्हा दोघांत उष्टं हा प्रकारच नव्हता. आजी बघायची आणि तोंड फिरवायची.

दादाशी मी सहा वर्षं बोललो नव्हतो.

आई २०१६ मध्ये गेली. २०१७ मध्ये वर्षश्राद्धाला आम्ही कऱ्हाडला गेलो. पंगत बसली, पानं वाढली. घराच्या वाटणीचा विषय मीच काढला. तिथं, त्या दिवशी. पुण्यात फ्लॅटचे हप्ते चालू होते, घर विकून मोकळं व्हावं असं माझं म्हणणं. दादा-वहिनी त्या घरात राहतात, हे मला त्या क्षणी दिसत नव्हतं. दादा म्हणाला, "आई दोन वर्षं अंथरुणावर होती तेव्हा नाही आठवली वाटणी." ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. मी भरल्या ताटावरून उठलो. बायको-मुलीला उठवलं आणि गाडी काढली. आईच्या वर्षश्राद्धाचं ताट. वहिनीनं त्यात नुकतंच तूप वाढलं होतं.

त्यानंतर दिवाळीला वहिनीचा मेसेज यायचा, मी उत्तर द्यायचो. बस. मी स्वतःला सांगत आलो होतो की वाटणीचं एकदा मिटू दे, कागद होऊ दे, मग बसू, बोलू, जेवू. आधी ते, मग हे. यात काही चुकतंय असं मला सहा वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

त्या रविवारी बाईंनी दोन बोटं वर केली होती तेव्हा का लागलं, ते मला त्या भाताच्या भांड्यापाशी कळलं.

"खा, करपेल," चाकणकर म्हणाला. मी चमचा घातला. वरचा भात मऊ, खालचा कुरकुरीत, लालसर, तिखट. बुजांगनिमनी कडेची एक मोठी खपली चमच्यानं सोडवली आणि माझ्या बाजूला सरकवली. त्यांच्याकडे या करपट भाताला 'नुरुंजी' म्हणतात. मी चाकणकरला म्हटलं, साहेबांना सांग, आमच्याकडेही याला शब्द आहे आणि यावरून भाऊ भाऊ भांडतात. ते ऐकून बुजांगनिम बराच वेळ हसले. ते तिसरे भाऊ. त्यांच्या वाट्याला फक्त वास यायचा म्हणे.

मग त्यांनी एक शब्द सांगितला, 'हानसोत्बाप'. एका भांड्यातलं जेवण. एकाच भांड्यातलं जेवतात म्हणजे एका घरातले, किंवा एका ठिकाणी काम करणारे. आणि घरच्या माणसांना ते 'शिक्कू' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ 'खाणारी तोंडं'. रक्त नाही, आडनाव नाही. कोण बरोबर जेवतं, एवढंच. मी मनात म्हटलं, आपल्याकडेही घर फुटलं की 'चूल वेगळी झाली' म्हणतात. भिंत वेगळी झाली असं नाही म्हणत.

पैसे बुजांगनिमनी दिले. मी पाकीट काढलं तर असे ओरडले की मीटिंगची आठवण झाली.

आता तुम्हाला वाटेल, सोमवारी त्यांनी लॉट पास केला. अजिबात नाही. सोमवारी सकाळी नऊ वाजता बुजांगनिमनी सगळा लॉट रिजेक्ट केला. कापून दाखवलेल्या पार्टवर भिंग धरून एकेक पोकळी मोजली. आणि सांगायला हरकत नाही, त्यांचं बरोबर होतं. मर्यादा आम्हीच चुकीची वाचली होती. मी सही केली. दुपारी कँटीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले आणि विचारलं, बाप खाल्ला का?

हेच मला नवीन होतं. भांडण मिटलं म्हणून आम्ही जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून भांडण मिटलंही नाही. दोन्ही आपापल्या जागी चालू होतं. शुक्रवारी जेवण, सोमवारी पार्ट. हे असं वेगळं ठेवता येतं, आणि तरी माणूस खोटा ठरत नाही, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, सहा हजार किलोमीटरच्या आसपास लांब जाऊन कळावं!

हॉटेलवर परत आल्यावर त्या भांड्याचा फोटो मी दादाला पाठवला होता. तळाला खरवडलेल्या रेघा दिसत होत्या. खाली काही लिहिलं नाही. काय लिहायचं ते सुचलंच नाही. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. "करपवलंय."

एवढंच. पण ते वाचून मी पलंगावर बसून राहिलो.

मे २०२४ मध्ये कऱ्हाडला गेलो. एकटाच. दारात वहिनी म्हणाली, "या भाऊजी," आणि आत गेली. तिला डोळे पुसायचे होते बहुतेक. दादाचे केस पार पांढरे झालेत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "उन्हाचा आलास?" मी म्हटलं, "हो, गाडीला एसी आहे." सहा-सात वर्षांनी भेटलेल्या दोन भावांचा हा संवाद.

वाटणी झालेली नाही अजून. कागद वकिलाकडे आहेत. परवाच एका कलमावरून फोनवर आमचं चांगलंच वाजलं. सुटायचं तेव्हा सुटेल. पण त्या दिवशी वहिनीनं मसालेभात केला होता. जेवणं झाल्यावर ती पातेलं घासायला नेत होती. दादा म्हणाला, "थांब, ठेव इथं." त्यानं पातेलं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं, कालथा घेतला आणि सवयीनं तळाला मधोमध रेघ ओढली. ओढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं. माझ्याही आलं. दोघंही त्या रेघेकडे बघत राहिलो.

"घ्या आता," वहिनी म्हणाली. "गार झाल्यावर निघत नाही ती."